भांडण हिंदीचं झालं, पण कोरकू बोलणाऱ्या पोराचं काय? शाळेची भाषा, शिक्षण आणि गरिबी सोप्या भाषेत

१६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने जीआर काढला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. मग जूनमध्ये शब्द थोडे इकडेतिकडे करून दुसरा जीआर आला, मग राज्यभर विरोध पेटला, आणि २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ते अडीच महिने टीव्हीवर, व्हॉट्सअपवर, चहाच्या टपरीवर एकच विषय होता. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषा लादायच्या का? माझाही त्या सक्तीला विरोधच होता आणि आजही आहे.

पण त्या सगळ्या वादात एक गोष्ट सगळ्यांनी धरूनच चालली होती, की महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल घरून मराठी घेऊन शाळेत येतं. तसं नाहीये. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साधारण ६९ टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. म्हणजे दहातल्या तिघांची घरची भाषा दुसरीच काहीतरी आहे. त्यात हिंदी, उर्दू, गुजरातीवाले आहेत, त्यांच्यासाठी निदान काही ठिकाणी त्या भाषांच्या शाळा तरी आहेत, मुंबई महापालिका तर आठ भाषांतून शाळा चालवते आणि ही खरंच अभिमानाची गोष्ट आहे. पण मेळघाटातलं कोरकू पोर, गडचिरोलीतलं गोंडी किंवा माडिया बोलणारं, धडगाव-अक्कलकुव्यातलं भिलोरी नाहीतर पावरी बोलणारं, जव्हार-मोखाड्यातलं वारली, यवतमाळच्या तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं, यांच्यासाठी मराठी हीच पहिल्या दिवशी भेटलेली परकी भाषा असते. हिंदी तिसरी की पाचवी ही चर्चा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, कारण त्यांची पहिली भाषा शाळेत मोजलीच जात नाही.

या लेखात मला एवढंच नीट समजावायचंय की मूल ज्या भाषेतून शिकतं त्याचा त्याच्या शिकण्यावर आणि पुढे त्याच्या कमाईवर नेमका कसा परिणाम होतो. भावनेचा भाग बाजूला ठेवू, हा पोटाचा प्रश्न आहे.

आधी एक घोळ सोडवू: विषय वेगळा, माध्यम वेगळं

भाषेवरची निम्मी भांडणं या एका घोळामुळे होतात. भाषा 'विषय' म्हणून शिकणं म्हणजे आठवड्यात काही तास इंग्रजी किंवा हिंदीचा तास असणं. भाषा 'माध्यम' असणं म्हणजे गणित, परिसर अभ्यास, विज्ञान, इतकंच काय तर "शू लागली तर हात वर करा" हे सुद्धा त्याच भाषेत ऐकणं आणि बोलणं. इंग्रजी विषय म्हणून पहिलीपासून असणं आणि सगळं इंग्रजीतूनच शिकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण आपण दोन्हीला "इंग्रजी शिकवतात" असंच म्हणतो आणि मग वाद घालत बसतो.

पोराच्या डोक्यात काय होतं

हे वाक्य मोठ्याने वाचा: "मळे बरुत्तिदे, बट्टे ओळगे तगोंडु बा."

वाचता आलं ना? सगळी अक्षरं ओळखीची, काना-मात्रा बरोबर, उच्चारही जवळपास ठीक. पण जत, अक्कलकोटकडचे लोक सोडले तर बहुतेकांना काही कळलं नसेल. हे कन्नड आहे, पाऊस येतोय, कपडे आत घेऊन ये असं कुणीतरी सांगतंय. आता समजा पुढची दहा वर्षं तुम्हाला असंच वाचायला लावलं, आणि त्यावर प्रश्न विचारले, आणि उत्तर आलं नाही तर "याला डोकं नाही" म्हटलं तर?

वाचायला शिकणं म्हणजे दोन कामं एकदम चालू असतात. एक, अक्षर बघून आवाज काढणं. दोन, तो आवाज डोक्यात आधीपासून असलेल्या शब्दाला जोडणं. मराठी घरातलं पोर "बै-ल" असं अडखळत वाचतं आणि वाचल्या वाचल्या त्याच्या डोळ्यासमोर बैल उभा राहतो, कारण तो शब्द चार वर्षांपासून त्याच्याकडे आहे. वाचन जमलं याचा त्याला आनंद होतो आणि ते पुढचा शब्द वाचतं. कोरकू पोर तेच "बै-ल" वाचतं आणि त्याला काहीच मिळत नाही, नुसता आवाज. कोरकू तर मराठीच्या भाषाकुळातलीसुद्धा नाही, ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. गोंडी द्रविड कुळातली, तेलुगू-कन्नडच्या बाजूची. म्हणजे अंदाजाने अर्थ लावायलाही फार वाव नाही.

मग ते पोर काय करतं? फळ्यावरचं उतरवून काढतं. अक्षर सुंदर असतं त्याचं, वही नीटनेटकी असते. बाई म्हणतील ते एका सुरात म्हणतं. बाहेरून आलेल्या साहेबांना वर्ग चांगला चाललाय असं वाटतं, पण आत समजणं जवळजवळ शून्य. वर्गात गप्प बसणाऱ्या या मुलांना आपण लाजरी म्हणतो, त्यांच्या घरी जाऊन बघा, गुरं वळताना किती बडबड चालते ती.

इथे अजून एक गोष्ट. बरेच शिक्षक सांगतात की सहा महिने-वर्षात मुलं मराठी बोलायला लागतात, मग अडचण कुठे आहे? जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ मध्ये याचं उत्तर मांडलं. बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या पातळ्या आहेत. "पाणी प्यायला जाऊ का" हे एक-दोन वर्षांत येतं, कारण समोर पाण्याचा हंडा असतो, हातवारे असतात. पण "दिलेल्या माहितीवरून नफा काढा" किंवा "बाष्पीभवन का होते ते सकारण लिहा" यासाठी लागणारी भाषा यायला पाच ते सात वर्षं सुद्धा लागतात. बोलता येतंय म्हणून शिक्षकाला वाटतं भाषा आली, आणि तिथेच ते मूल हातातून सुटतं.

कमिन्सचा दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, आणि तो बहुतेकांना उलटा वाटतो. एका भाषेत पक्कं शिकलेलं दुसऱ्या भाषेत वाया जात नाही, ते तिकडे चालत जातं. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला सुकलेला भोपळा बांधतात, आताशा पत्र्याचा डबा. त्या भोपळ्याच्या जिवावर पोर हातपाय मारायला शिकतं, मग भोपळा सुटतो. भोपळा बांधला म्हणून पोहायला उशीर झाला असं कुणी म्हणत नाही. घरची भाषा हे काम करते. वाचन म्हणजे काय, बेरीज म्हणजे काय, गोष्टीत आधी काय आणि नंतर काय, हे एकदा घरच्या भाषेत उमगलं की दुसऱ्या भाषेत फक्त नवे शब्द शिकायचे राहतात. आपण मात्र पहिल्या दिवशी भोपळा सोडून घेतो आणि ढकलून देतो, त्यातली काही पोरं तरंगतात आणि आपण त्यांचे सत्कार करतो.

यात गरिबी कुठून आली?

पहिली-दुसरी अशी गेली की तिसरीपासून पुस्तक बदलतं. तोवर वाचायला शिकायचं असतं, तिसरीनंतर वाचून शिकायचं असतं. ज्याला वाचता येत नाही त्याला मग सगळेच विषय एकदम बंद होतात. मुलांना वाचता-मोजता येतं का हे तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या फेरीत ग्रामीण भारतात तिसरीतल्या जेमतेम २७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा सगळ्या मुलांचा आहे, शाळेचीच भाषा घरी बोलणाऱ्यांचा सुद्धा. मग ज्यांची भाषाच वेगळी त्यांचं काय होत असेल याचा अंदाज करा.

अनेक वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते, अजूनही बहुतेक मुलं वर ढकललीच जातात. नववी-दहावीला खरी परीक्षा समोर येते आणि तिथे गळती होते. मग पोरगा वसई-भिवंडीच्या वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला, पोरीचं लग्न. घरचे म्हणतात त्याचं शिक्षणात मन नव्हतं. दहा वर्षं न कळणाऱ्या गोष्टीत कुणाचं मन रमेल?

पण गरिबीशी नातं फक्त नोकरीपुरतं नाही, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो. सातबारा मराठीत, वनहक्काचा दावा मराठीत, रोजगार हमीचं जॉबकार्ड मराठीत, बँकेची स्लिप मराठी-इंग्रजीत, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशोब त्याच्याच वहीत. ज्याला हे वाचून समजत नाही तो प्रत्येक पायरीला कुणाच्या तरी मेहेरबानीवर असतो. एजंट पैसे घेतो, मुकादम हिशोबात मारतो, दाव्यात चूक राहिली म्हणून जमीन नावावर होत नाही. शाळेत नीट मराठी न आल्याची किंमत माणूस आयुष्यभर हप्त्याहप्त्याने भरत राहतो. आणि ती नीट मराठी न येण्याचं कारण पहिलीत त्याची स्वतःची भाषा बाहेर ठेवली हे आहे. म्हणजे कोरकूतून सुरुवात करा म्हणणारा माणूस मराठीच्या विरोधात नाही, त्या पोराला मराठी पक्की यावी हीच त्याची धडपड आहे.

पुरावा आहे का, की नुसती थिअरी?

आहे, आणि त्यातला एक आपल्याच देशातला आहे. अर्थशास्त्रज्ञ तरुण जैन यांनी इंग्रजांच्या काळातले प्रांत अभ्यासले. त्या प्रांतांत काही जिल्ह्यांची भाषा आणि प्रांताची अधिकृत भाषा एकच होती, काही जिल्ह्यांची वेगळी. ज्यांची वेगळी होती त्या जिल्ह्यांत साक्षरता १८ टक्क्यांनी आणि पदवीधरांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी निघालं. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेनंतर हे मागे पडलेले जिल्हे हळूहळू बरोबरीला आले. माणसं तीच, माती तीच, शाळेची भाषा जुळली आणि फरक पडला.

मराठवाड्यातल्या घरांत ही आठवण अजून असेल. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू, उस्मानिया विद्यापीठसुद्धा १९१८ पासून उर्दू माध्यमाचं. मराठी, तेलुगू, कन्नड घरातल्या मुलांना शिक्षण आणि नोकरी दोन्हीकडे ही भिंत आडवी यायची. म्हणून तर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या शाळा लोकांनी स्वतः उभ्या केल्या. परक्या भाषेतून शिकणं म्हणजे काय असतं हे मराठी माणसाने भोगलंय, म्हणून त्याला गोंडी पोराचं दुखणं सगळ्यात आधी कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बाहेरच्या देशांतले अभ्यास थोडक्यात सांगतो. कॅमेरूनमध्ये कोम नावाच्या भाषेच्या भागात १२ शाळांत पहिली ते तिसरी कोममधून शिकवलं आणि तशाच दुसऱ्या १२ शाळांत नेहमीप्रमाणे इंग्रजीतून. कोमवाली मुलं पहिल्या तीन वर्षांत खूप पुढे गेली. चौथीपासून सगळं इंग्रजीत केल्यावर पाचवीपर्यंत ती आघाडी साधारण निम्म्यावर आली, तरी ती पुढेच होती. यातून दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे फायदा खरा आहे, दुसरी म्हणजे तीन वर्षं पुरत नाहीत, भोपळा घाईने सोडला तर कमावलेलं गळतं. दक्षिण आफ्रिकेच्या आकडेवारीत तर आणखी स्पष्ट दिसलं की पहिली तीन वर्षं घरच्या भाषेतून शिकलेल्या मुलांचं चौथी ते सहावीत इंग्रजी, हो इंग्रजीच, थेट इंग्रजीतून सुरुवात केलेल्यांपेक्षा चांगलं होतं.

"ते सगळं ठीक, पण इंग्रजीशिवाय पोट भरतं का?"

हा प्रश्न विचारणाऱ्या आईबापाला मी कधीच चूक म्हणणार नाही. तो अगदी बरोबर प्रश्न आहे. भारतातल्या २००५ च्या आकडेवारीवर आझम, चिन आणि प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी हिशोब केला, तर अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई इंग्रजी अजिबात न येणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त निघाली, थोडंफार येणाऱ्यांची १३ टक्क्यांनी. पश्चिम बंगालने १९८० च्या दशकात सरकारी शाळांच्या प्राथमिक वर्गांतून इंग्रजी काढूनच टाकलं, तेव्हा त्या पिढीच्या पुढच्या कमाईला फटका बसल्याचं संशोधनात दिसलं आणि नंतर तिथल्या सरकारला इंग्रजी परत आणावं लागलं. म्हणजे इंग्रजीच नको म्हणणं हा गरिबांवर अन्यायच आहे.

पण त्याच कमाईच्या अभ्यासात पुढे एक ओळ आहे जी फार लोक सांगत नाहीत. तरुण कामगारांत इंग्रजीचा हा फायदा फक्त जास्त शिकलेल्यांनाच मिळतो. आठवी-नववीत शाळा सुटलेल्या पोराला तोडक्यामोडक्या इंग्रजीचा पगारात काही उपयोग होत नाही. म्हणजे आधी शिक्षण पूर्ण व्हायला हवं आणि त्याबरोबर इंग्रजी हवं, दोन्ही. आता जी गोष्ट मुलाला आठवीतच शाळेबाहेर फेकते, ती इंग्रजीच्या नावाने केली तरी इंग्रजीचा फायदा मिळवून देणार कशी? बंगालने इंग्रजी विषय म्हणूनच काढलं, ती एक चूक. आपल्याकडे गल्लोगल्ली उलटी चूक चाललीय, की विषय चांगला शिकवायचा सोडून सगळं माध्यमच इंग्रजी करायचं.

"पण मोठ्या घरातली पोरं इंग्रजी माध्यमातच शिकतात आणि पुढे जातात." जातात, कारण त्यांच्याकडे दुसरी भाषा तयार करणारं सगळं घरात असतं. आईवडील इंग्रजी बोलतात, गोष्टीची पुस्तकं आहेत, ट्यूशन आहे, शिक्षिकेचं स्वतःचं इंग्रजी पक्कं आहे. त्या पोरासाठी इंग्रजी परकी राहिलेलीच नसते. तालुक्याच्या गावात पत्र्याच्या शेडमधल्या इंग्लिश मीडियमला जाणाऱ्या पोराच्या घरी यातलं काय आहे? बऱ्याच ठिकाणी बाई सुद्धा धडा वाचतात इंग्रजीत, समजावतात हिंदी-मराठीत आणि उत्तर पाठ करून घेतात. मजुरी करून भरलेली फी जाते आणि पोराला ना धड मराठी येतं ना इंग्रजी. त्या आईबापाची फसवणूक होते याचा मला फार राग येतो, कारण इच्छा त्यांची एकदम योग्य असते.

सक्तीने हे सुटणार नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये कर्नाटकच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की सरकार खासगी शाळांवर मातृभाषेचं माध्यम लादू शकत नाही, माध्यम निवडायचा हक्क पालकांचा आहे. उपाय एकच दिसतो, सरकारी शाळेत इंग्रजी हा विषय इतका चांगला शिकवायचा की पालकाला माध्यम बदलायची गरजच वाटू नये. त्यासाठी प्राथमिकला इंग्रजी नीट येणारा शिक्षक लागतो, आणि त्यावर खर्च करायची तयारी मला तरी कुठल्याच सरकारची दिसलेली नाही.

सेमी-इंग्रजीबद्दल विचारलं जातं म्हणून एवढंच. मराठी घरातल्या मुलाला वरच्या वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीतून देणं हा बऱ्यापैकी व्यवहारी मार्ग आहे. पण वारली पोराला पहिलीपासून सेमी म्हणजे गणित इंग्रजीत, बाकीचं मराठीत आणि त्याची भाषा कशातच नाही.

"आमच्या पोरांना मागे ठेवायचा हा डाव आहे"

हा आक्षेप दलित आणि आदिवासी चळवळीतून येतो आणि तो हलक्यात घ्यायचा नाही, त्यामागे खरा इतिहास आहे. सावित्रीबाईंनी कवितेतून लोकांना इंग्रजी शिका म्हणून सांगितलं, कारण इथल्या विद्येची दारं ज्यांच्यासाठी बंद होती त्यांना इंग्रजीने एक दार उघडून दिलं. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने गोऱ्या सरकारने काळ्या मुलांना त्यांच्या भाषांतून शिकवणं आठवीपर्यंत लांबवलं, आणि अभ्यासक्रम मुद्दाम हलका ठेवला, मजुरीपुरता. म्हणून तिथले पालक आजही मातृभाषा शब्द ऐकला की सावध होतात. त्याच देशात १६ जून १९७६ ला सोवेटोमध्ये शाळेतली मुलं रस्त्यावर आली आणि गोळ्या खाल्ल्या, ती गोऱ्यांची आफ्रिकान्स भाषा माध्यम म्हणून लादली त्याच्या विरोधात.

मग फरक कसा ओळखायचा? अभ्यासक्रम तोच आहे का, जो पुण्या-मुंबईच्या पोराला आहे? पहिल्या वर्षापासून मराठी आणि इंग्रजी विषय म्हणून, नीट शिक्षक देऊन शिकवतायत का? वर जायची शिडी तीच आहे का? या तिन्हींना हो असेल तर ती मुलाच्या फायद्याची योजना. यातल्या एकालाही नाही असेल तर आईबापांनी जरूर भांडावं, मी त्यांच्या बाजूने आहे.

जी पद्धत मी सांगतोय तिला अभ्यासक 'मातृभाषाधारित बहुभाषिक शिक्षण' म्हणतात. नाव लांबलचक आहे पण अर्थ साधा, सुरुवात घरच्या भाषेत, मराठी आणि इंग्रजी पहिल्यापासून तोंडी, मग हळूहळू त्यांचा वाटा वाढवत न्यायचा आणि घरची भाषा एकदम तोडायची नाही.

"एका वर्गात चार भाषा, पुस्तकं नाहीत, शिक्षक नाहीत"

हा सगळ्यात अवघड आक्षेप. फिलिपिन्सने २०१३ मध्ये कायदा करून तिसरीपर्यंत मातृभाषा सक्तीची केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा कायदा करून ती सक्ती काढून टाकली. पुस्तकं वेळेवर झाली नाहीत, शिक्षकांना तयारी नव्हती, शहरात एका वर्गात अनेक भाषांची मुलं. घाईने सगळ्या देशावर एकदम लादलं तर काय होतं त्याचं हे उदाहरण आहे, आणि मातृभाषेचा पुरस्कार करणाऱ्यांनी ते लपवू नये.

दुसरीकडे ओडिशा बघा. तिथे २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत निवडक शाळांतून सुरुवात केली, पुढे २१ भाषा आणि साधारण दीड हजार शाळांपर्यंत गेले. जिथे वर्गातली जवळपास सगळी मुलं एकाच भाषेची अशाच शाळा घेतल्या, आणि त्या समाजातल्याच शिकलेल्या मुलामुलींना भाषा शिक्षक म्हणून घेतलं. सगळं सुरळीत चालतं असा माझा दावा नाही, पण करता येतं हे तिथे दिसलंय.

महाराष्ट्रात मेळघाटातली, धडगावातली, भामरागडमधली पाड्यावरची शाळा अशीच असते, चार भाषांचा गोंधळ तिथे फारसा नसतो, एकच भाषा असते आणि ती फक्त गुरुजींना येत नाही. यात गुरुजींचा दोष नाही. बीड-लातूरचा माणूस मेळघाटातल्या धारणीत नेमायचा, त्याला कोरकूचा एक दिवसाचा सुद्धा नीट कोर्स द्यायचा नाही, आणि मग निकाल विचारायचा हे त्याच्यावरही अन्यायाचंच आहे. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागातल्या जागांवर स्थानिक आदिवासी उमेदवार घ्यायचा नियम आहे, पण त्या भरतीत पाड्याची भाषा येते का हा प्रश्न मध्यवर्ती असला पाहिजे. पुस्तकांचं म्हणाल तर पहिल्या दोन वर्षांना जाड पुस्तकं लागतच नाहीत, गोष्टी, चित्रं, गाणी, मोजणी लागते, आणि ते साहित्य गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात तयार आहे. गोंडी कुठल्या लिपीत लिहायची हा वाद आहे हे खरं, पण तो मिटेपर्यंत देवनागरीत सुरुवात करायला काही हरकत नाही, मुलाला पुढे मराठीसाठी तीच लागणार.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण हक्क कायद्याखाली परवानगी नाही म्हणून जिल्हा परिषदेने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. आणि तोच शिक्षण हक्क कायदा कलम २९ मध्ये म्हणतो की शक्य असेल तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेत असावं. राज्यघटनेचं कलम ३५० क १९५६ पासून सांगतंय की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची पुरेशी सोय राज्याने करावी. गावाने नेमकं तेच स्वतःच्या हिमतीवर केलं होतं.

धोरणात आहे ना, मग अडतं कुठे?

२०२० च्या राष्ट्रीय धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असं आहे हे सगळे सांगतात. मूळ शब्द मात्र "घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा किंवा प्रादेशिक भाषा" असे चार एकत्र आहेत. त्यामुळे कोरकू मुलाला मराठीतून शिकवलं तरी कागदावर धोरण पाळलं जातं, कारण मराठी प्रादेशिक भाषा आहे. पळवाट इथेच आहे.

हीच गोष्ट बोलींचीही. अहिराणी, मालवणी, झाडीबोली बोलणारं पोर पहिलीत "अशुद्ध बोलतोस" म्हणून गप्प केलं जातं. त्यांचं अंतर कोरकूइतकं नाही, तीन-चार महिने शिक्षकाने त्याच बोलीत उत्तर ऐकून घेतलं तरी ती मुलं सावरतात. याला ना जीआर लागतो ना बजेट.

तुमचं मूल किंवा तुमच्या पाड्यावरची मुलं सरकारी शाळेत असतील तर एक गोष्ट उद्याच करता येईल. युडायस प्लस या सरकारी नोंदणीत प्रत्येक विद्यार्थ्याची मातृभाषा भरायचा रकाना असतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मुख्याध्यापकांना विचारा की आमच्या मुलांच्या नावापुढे तिथे काय लिहिलंय. गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या मुलापुढे "मराठी" भरलं असेल तर ते दुरुस्त करून घ्या आणि बैठकीच्या इतिवृत्तात तशी नोंद करायला सांगा. कागदावर सगळी मुलं मराठी दिसत असतील तर त्या भाषेचा शिक्षक मागायला आधारच उरत नाही.